नऊ वर्षांची मुलगी, फीटची गोळी आणि कोलेस्टेरॉल २१४

रिपोर्टमध्ये वर जाणारा बाण होता आणि शेजारी आकडा: एकूण कोलेस्टेरॉल २१४. वय नऊ वर्षं. लहान मुलाचं कोलेस्टेरॉल मोजतात हेच घरात कुणी ऐकलेलं नव्हतं, मग ते वाढलेलं निघणं तर दूरच. मुलगी अंगानं किरकोळ, शाळेत खो-खो खेळणारी. तिच्या बाबतीत वेगळं म्हणावं असं एकच होतं. दीड वर्षापासून ती फीटची गोळी घेत होती, कार्बामाझेपाइन.

ही मुलगी म्हणजे कुणी एक ठरावीक रुग्ण नव्हे. अशा गोळ्या घेणाऱ्या मुलांत जे वारंवार दिसतं ते इथे एका प्रकरणात गुंफलं आहे आणि तिचे आकडे त्या चित्राला धरून बसवले आहेत. औषधांविषयी आणि संशोधनाविषयी जे येईल ते मात्र खरं आहे.

पहाटेची फीट

सातारा जिल्ह्यातलं गाव, एकत्र कुटुंब. मुलगी साडेसात वर्षांची असताना पहाटे आईला जाग आली ती घोगऱ्या आवाजानं. मुलीच्या तोंडाची उजवी बाजू ओढली जात होती, लाळ गळत होती. हाक मारली की ती डोळे वळवून आईकडे बघायची, म्हणजे कळत होतं, पण शब्द फुटत नव्हता. दीड-दोन मिनिटांत सगळं थांबलं. महिन्याभरात पुन्हा तसंच झालं आणि तिसऱ्या वेळी पूर्ण अंगाला झटके आले. तेव्हा पुण्याला नेलं.

झोपेत काढलेल्या ईईजीमध्ये, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखात, मेंदूच्या मध्य आणि कानशिलाकडच्या भागात ठळक टोकं दिसली. वय, पहाटेची वेळ, तोंडापासून होणारी सुरुवात आणि हा ईईजी एकत्र ठेवले की निदान फारसं अवघड राहत नाही. जुन्या डॉक्टरांच्या तोंडी अजून ‘रोलँडिक’ हेच नाव असतं. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात त्याला स्वयंमर्यादित अपस्मार म्हटलं आहे, म्हणजे आपला आपण थांबणारा. बहुतेक मुलांत तो किशोरवयात पूर्ण जातो. ही माहिती पुढे फार कामाला येणार आहे.

कार्बामाझेपाइन २०० मिलिग्रॅम सकाळी आणि २०० संध्याकाळी सुरू झालं. वजन २६ किलो होतं, त्या मानानं डोस बेताचा. फीट थांबल्या. पहिल्या महिन्यात मुलगी थोडी पेंगायची, मग तेही गेलं. सोडियम, रक्तपेशी, लिव्हर यांच्या चाचण्या झाल्या. कोलेस्टेरॉलची झाली नाही. बहुतेक ठिकाणी ती होत नाही, आणि मला हे पटत नाही. अनेक वर्षं चालू शकणारं औषध सुरू करताना शंभर-दोनशे रुपयांत मिळणारा पायाभूत आकडा हाताशी असला, तर दीड वर्षानं तर्क लढवत बसावं लागत नाही.

अर्धी गोळी

कोलेस्टेरॉलची तपासणी झाली ती वेगळ्याच कारणानं. मुलीच्या थोरल्या चुलत्यांना शेहेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, माणूस घरी आला, आणि घर हादरलं. तालुक्याच्या लॅबचं ‘फॅमिली पॅकेज’ घेऊन सगळ्यांचं रक्त काढलं. त्यात हिचंही काढलं.

तिचा रिपोर्ट असा: एकूण कोलेस्टेरॉल २१४, ट्रायग्लिसराइड ८८, एचडीएल ५८, एलडीएल १३८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. (ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी, एचडीएल ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल आणि एलडीएल ‘वाईट’.) लॅबनं शेजारी छापलेली मर्यादा होती ‘२०० पेक्षा कमी’. ती मोठ्या माणसांची. मुलांसाठी एकूण कोलेस्टेरॉल १७० च्या आत असावं, १७० ते १९९ काठावरचं आणि २०० पासून पुढे जास्त धरतात. एलडीएलला ११० च्या आत ठीक आणि १३० पासून जास्त. म्हणजे याच मुलीचं कोलेस्टेरॉल १९० आलं असतं तर लॅबच्या कागदावर बाण उमटलाच नसता आणि कुणी दुसऱ्यांदा बघितलंही नसतं. आपल्याकडे मुलांचे रिपोर्ट मोठ्यांच्या तक्त्यावर छापले जातात ही साधी गोष्ट आहे, पण तिच्यामुळे पालक उगाच निर्धास्त तरी राहतात किंवा उगाच घाबरतात तरी.

इथे घाबरले. दुसऱ्या दिवसापासून मुलीच्या ताटातलं तूप बंद, अंडं बंद, शेंगदाण्याची चटणी बंद. आजी म्हणाली, “पोरीच्या वयाला तूप नाही खायचं तर कधी खायचं?” पण तिचं कुणी ऐकलं नाही. आत्यानं रोज सकाळी लसणाची पाकळी गिळायला सांगितली. आणि आईनं मोबाइलवर कार्बामाझेपाइनचे दुष्परिणाम शोधले, यादीत कोलेस्टेरॉल सापडलं, आणि कुणाला न विचारता संध्याकाळची गोळी अर्धी केली.

आठवड्याच्या आत पहाटे फीट आली. सव्वा वर्षात पहिलीच. तोंडापुरती राहिली नाही, सगळं अंग तीन-चार मिनिटं झटकत होतं.

यात आईला दोष देणं सोपं आहे. पण तिनं जे वाचलं ते खोटं नव्हतं. गोळीनं कोलेस्टेरॉल वाढू शकतं हे खरंच आहे, आणि ते तिला गोळी सुरू करताना कुणी सांगितलेलं नव्हतं. अर्धंच कळलेल्या माणसानं अर्धीच गोळी केली.

तपास

मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञ मॅडमनी रिपोर्ट हातात घेण्याआधी विचारलं, “ताई, गोळी किती चालू आहे सध्या?”

“संध्याकाळची अर्धीच देते मॅडम. कोलेस्टेरॉल वाढलं ना.”

रक्तातली औषधाची पातळी ३.६ आली. ती साधारण ४ ते १२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असावी लागते. म्हणजे औषध निकामी झालं नव्हतं, कमी पडलं होतं. हा फरक महत्त्वाचा, कारण पूर्ण डोसवर असताना फीट आली असती तर औषध बदलण्याचा विचार त्याच क्षणी सुरू झाला असता. त्याच संध्याकाळी डोस पूर्ववत झाला.

मग कोलेस्टेरॉल. एका आकड्यावर निर्णय घ्यायचा नसतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेनं २०११ मध्ये मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत दोन आठवडे ते तीन महिन्यांच्या अंतरानं उपाशीपोटी दोन चाचण्या करून सरासरी धरायला सांगितलं आहे. फीटचा ताण ओसरल्यावर, तीन आठवड्यांनी, पुन्हा रक्त काढलं: एकूण २०८, ट्रायग्लिसराइड ८५, एचडीएल ५६, एलडीएल १३५. आकडा खरा होता.

आता कारणं एकेक करून बाजूला सारायची. थायरॉइड कमी पडला की कोलेस्टेरॉल वाढतं, म्हणून टीएसएच आधी, म्हणजे थायरॉइडला हुकूम देणाऱ्या संप्रेरकाचा आकडा. तो २.८, व्यवस्थित. फ्री टी-फोर (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) मात्र खालच्या काठावर होता. कार्बामाझेपाइनवर असं बरेचदा दिसतं, आणि टीएसएच वाढलेला नसेल तर त्यावर थायरॉइडची गोळी द्यायची नसते. हे सांगायला हवं, कारण फक्त टी-फोर बघून मुलांना थायरॉक्सिन सुरू होण्याचे प्रकार घडतात. लघवीत प्रथिनं नव्हती, साखर ठीक, वजन उंचीला साजेसं.

घरचा इतिहास सगळ्यांत जास्त काळजीचा होता. सेहेचाळिशीत हार्ट अटॅक आणि घरातल्या मुलाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं, हे दोन्ही एकत्र आलं की जन्मजात, आनुवंशिक कोलेस्टेरॉलची शंका घ्यावीच लागते. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला तो दोष असतो, म्हणजे तो दुर्मीळ नाही. पण त्यात आईवडिलांपैकी एकाचं एलडीएल सहसा १९० च्या पुढे असतं. फॅमिली पॅकेजचे बाकीचे कागद इथे उपयोगी पडले. वडिलांचं एलडीएल १३२, ट्रायग्लिसराइड १९० आणि एचडीएल ३८. आईचं एलडीएल १०४. चुलत्यांना मधुमेह होता आणि वीस वर्षांची सिगारेट. हे आपल्याकडचं नेहमीचं चित्र आहे: एलडीएल भयंकर नाही, पण एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त. मुलीचा रिपोर्ट नेमका याच्या उलट होता. तिचं एलडीएल वर होतं, पण एचडीएलही चांगलं ५८ होतं. बापाकडून आलेलं कोलेस्टेरॉल असं दिसत नाही.

आणि त्याच कागदावर खाली, कुणाचंही लक्ष न गेलेल्या ओळीत, जीजीटी हा यकृतातल्या एका एन्झाइमचा आकडा ४८ होता. तिच्या वयाला तो याच्या निम्म्याहून कमी असायला हवा. एसजीपीटी नॉर्मल होतं, म्हणजे यकृताला इजा नव्हती. इजा नसताना एकटा जीजीटी वाढलेला असणं ही खूण आहे: औषधानं यकृतातल्या एन्झाइमांना चेतवलं आहे. मॅडमचा कल इथे पक्का झाला.

फीटची जुनी औषधं, म्हणजे फिनोबार्बिटोन, फेनिटॉइन आणि कार्बामाझेपाइन, यकृतात गेली की तिथल्या पेशींना सिग्नल मिळतो की बाहेरचं रसायन वाढलंय, मोडतोडीची माणसं वाढवा. गाळप हंगामात साखर कारखाना तिन्ही पाळ्या चालवतो तसा सायटोक्रोम पी-४५० नावाचा एन्झाइमांचा ताफा जोरात कामाला लागतो. कार्बामाझेपाइन तर स्वतःच्याच मोडतोडीचा वेग वाढवतं. सुरुवातीच्या तीन ते पाच आठवड्यांत त्याची रक्तातली पातळी घसरते ती म्हणूनच. गोम अशी की याच ताफ्यातलं एक एन्झाइम, सीवायपी-५१, शरीरात कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीत काम करतं. ताफा चेतवला की तेही चेततं, असं या परिणामाचं मुख्य स्पष्टीकरण दिलं जातं. पित्ताम्लं बनवण्याची गतीही याच यंत्रणेशी जोडलेली आहे. थोडक्यात, हे वाढलेलं कोलेस्टेरॉल ताटातून आलेलं नाही. ते यकृतानं बनवलेलं आहे, आणि तूप बंद करून त्याला फारसा लगाम बसत नाही.

एचडीएलही या औषधांनी थोडं वाढतं, म्हणून काहीजण म्हणतात की चांगलं-वाईट दोन्ही वाढलं, हिशेब बरोबर. मला हा हिशेब तितकासा मान्य नाही. एलडीएल किती वर्षं रक्तातून फिरलं हे धमन्यांना कळतं. एचडीएलनं ते पुसून जातं असं समजायला आधार कमी आहे.

पुरावा काय सांगतो

हा परिणाम नवा नाही. १९९० च्या दशकात स्पेन आणि इटलीतल्या बालरोगतज्ज्ञांनी फीटची औषधं घेणाऱ्या मुलांची रक्तं तपासली, तेव्हा कार्बामाझेपाइन आणि फिनोबार्बिटोन घेणाऱ्यांत एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल वाढलेलं आढळलं, व्हॅल्प्रोएट हे फीटचंच दुसरं औषध घेणाऱ्यांत तसं नव्हतं. औषध थांबल्यावर आकडे पुन्हा खाली आले.

सगळ्यांत बोलका प्रयोग मोठ्या माणसांवरचा आहे. फिलाडेल्फियात स्कॉट मिंट्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कार्बामाझेपाइन किंवा फेनिटॉइन घेणाऱ्या ३४ जणांना लेव्हेटिरासेटाम किंवा लॅमोट्रिजिनवर आणलं. एन्झाइमांना न चेतवणारी ही औषधं सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत एकूण कोलेस्टेरॉल सरासरी सुमारे २५ मिलिग्रॅमनं उतरलं. पथ्यासाठी काही वेगळं केलेलं नव्हतं. आपल्या मुलीचा २१४ चा आकडा डोळ्यांपुढे ठेवून त्यातून पंचवीस वजा करा, म्हणजे गोळीचा वाटा किती असू शकतो याचा अंदाज येतो.

मग यानं खरंच काही बिघडतं का? २०१२ मध्ये तैवानमधल्या एका अभ्यासात मोठ्या रुग्णांच्या मानेतल्या धमनीची जाडी मोजली होती. कार्बामाझेपाइन, फेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट जितकी जास्त वर्षं घेतलं तितकी जाडी जास्त दिसली. लॅमोट्रिजिनच्या बाबतीत तसं दिसलं नाही. हे मोठ्यांचं आणि दीर्घ उपचाराचं चित्र आहे, ते नऊ वर्षांच्या मुलीवर तसंच्या तसं चिकटवता येत नाही. पण त्यातला एक धागा उचलण्यासारखा आहे, तो म्हणजे वर्षं. किती वाढलं यापेक्षा किती वर्षं वाढलेलं राहणार, हा खरा प्रश्न.

तुपाचा मुद्दा पूर्ण खोडून काढण्याआधी एक अपवाद. फीटच्या उपचारात खाण्यानंच कोलेस्टेरॉल चढतं अशी एक जागा आहे, ती म्हणजे कीटोजेनिक आहार. औषधांना दाद न देणाऱ्या फीटसाठी मुद्दाम लोणी, साय, तेल यांवर ठेवलेल्या १४१ मुलांचा अभ्यास जॉन्स हॉपकिन्समधून २००३ मध्ये आला. सहा महिन्यांत एकूण कोलेस्टेरॉल सरासरी ५८ मिलिग्रॅमनं वाढलं होतं. तिथे तूप कारण असतं. इथे भाकरीवरचं चमचाभर तूप कारण नव्हतं.

बदलायचं की नाही

स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा, प्रश्न वडिलांनी विचारला, कारण चुलत्यांना तीच गोळी होती. दहा वर्षांच्या आत ती सहसा देत नाहीत. त्यानंतरही, घरात लवकर हृदयविकार असेल तर पथ्य-व्यायाम करून एलडीएल १६० च्या वर राहिलं तरच तिचा विचार होतो. शिवाय कार्बामाझेपाइन स्टॅटिनचीही मोडतोड वाढवतं; सिम्वास्टॅटिनचा रक्तातला अंश तर त्यानं सुमारे पाऊण हिश्श्यानं घटतो. एका गोळीनं वाढवायचं आणि तीच गोळी दुसरीला चालू द्यायची नाही, असा तो घोळ झाला असता.

व्हॅल्प्रोएट मॅडमनी चर्चेतच येऊ दिलं नाही. कोलेस्टेरॉलच्या रकान्यात ते बरं दिसतं, पण वजन, ट्रायग्लिसराइड आणि इन्शुलिन यांच्या रकान्यात नाही. शिवाय वयात येणाऱ्या मुलीला ते टाळायचं, पाळीच्या तक्रारी आणि पुढे गरोदरपणात बाळाला होणारा धोका ही कारणं पुरेशी आहेत.

खरा पेच लेव्हेटिरासेटाम किंवा लॅमोट्रिजिनचा होता. दोन्ही कोलेस्टेरॉलला हात लावत नाहीत. पण लेव्हेटिरासेटामनं काही मुलं चिडखोर होतात, रडतात, आदळआपट करतात. लॅमोट्रिजिनचा डोस अंगावर पुरळ येऊ नये म्हणून कित्येक आठवडे थेंबाथेंबानं वाढवावा लागतो. कार्बामाझेपाइनचंच भावंड असलेलं ऑक्सकार्बाझेपाइन एन्झाइमांना कमी चेतवतं, पण ती अर्धीच वाट.

मॅडमनी वडिलांना सांगितलं ते असं: “हिची फीट जाणारी आहे. गोळी फार तर दोन-अडीच वर्षं. एलडीएल १३५ आहे, १९० नाही. आता नुकतीच फीट येऊन गेली, अशात चांगली चालणारी गोळी काढायची घाई मला करायची नाही. हीच फीट आयुष्यभर राहणारी असती, तर आजच बदलली असती.”

माझ्या मते निर्णय बरोबर होता, आणि त्याचं शेवटचं वाक्य सगळ्यांत बरोबर. जन्मजात मेंदूदोषामुळे किंवा जुन्या व्रणामुळे फीट येणाऱ्या मुलाला, ज्याला वीस-तीस वर्षं गोळी लागणार आहे, कार्बामाझेपाइनवर केवळ ‘चाललंय ना’ म्हणून ठेवणं मला पटलं नसतं. सरकारी दवाखान्यातून वर्षानुवर्षं फिनोबार्बिटोन घेणाऱ्या मुलांकडे या नजरेनं बघितलंच जात नाही. स्वस्त आणि सहज मिळणारं औषध फीट थांबवत असेल तर ते द्यायलाच हवं, फीटचा धोका कोलेस्टेरॉलपेक्षा आजचा आणि मोठा आहे. पण वर्षातून एकदा रक्त तपासायला काय हरकत आहे?

पुढचे महिने

लसूण बंद झाला. तूप आणि अंडं परत आलं, आजी खूश. बेकरीची खारी आणि पाकिटातलं तळण मात्र मॅडमनी कमी करायला लावलं, तेही एकट्या मुलीचं नव्हे, घरात सगळ्यांचंच, कारण वडिलांच्या रिपोर्टला त्याची जास्त गरज होती. व्हिटॅमिन डी १३ निघालं होतं. चेतलेलं यकृत तेही लवकर संपवतं, त्यामुळे त्याची मात्रा सुरू झाली. गोळीच्या पाकिटावर आईनं पेनानं लिहिलं: सकाळी १, संध्याकाळी १, मॅडमना विचारल्याशिवाय बदल नाही.

वर्षभरानं एलडीएल १३१. तसूभर कमी. पथ्याचा परिणाम म्हणायचा तर एवढाच.

शेवटच्या फीटपासून दोन वर्षं निवांत गेली, ईईजी सुधारला, आणि मुलगी सव्वाअकरा वर्षांची असताना गोळी हळूहळू, तीन महिन्यांत कमी करत थांबवली. त्यानंतर तीन महिन्यांनी रक्त तपासलं: एकूण १६८, ट्रायग्लिसराइड ८०, एचडीएल ४९, एलडीएल १०३. हे सगळं श्रेय गोळी थांबण्याला देता येत नाही, कारण वयात येताना मुलांचं एलडीएल आपसूकही थोडं उतरतं. पण एचडीएलही उतरलं होतं आणि जीजीटी १४ वर आला होता, म्हणजे यकृतातला जोर ओसरला होता.

चुलत्यांचा इतिहास मात्र कायम आहे. म्हणून फाइलवर मॅडमनी पुढच्या चाचणीचं वय लिहून दिलं आहे: सतरा वर्षं, उपाशीपोटी. आणि धाकट्या भावाला, जो कुठलीच गोळी घेत नाही, नवव्या वर्षी एकदा.